माहुलीचे कावळे

अकरा वाजत आले तरी पिंडाला कावळा शिवेना.

माहुलीच्या संगमावर कावळ्यांना तोटा नाही. समोरच्या पिंपळावर पंधरावीस तरी बसले होते, फांदीवर चोची पुसत. खाली पिंड, वर कावळे आणि मधे हात जोडून उभा अनंत. सतरा वर्षांच्या मुलाचा दहावा बापाने घालायचा, याहून उलटं काय असतं?

जयराजची मोटरसायकल खंडाळ्याच्या अलीकडं घसरली, त्याला आज दहा दिवस झाले. घरात कुणाला धड झोप नव्हती. धाकटी अंकिता, नऊ वर्षांची, ना रडत होती, ना जेवत होती. सकाळी इथं पोचल्यावर आईने तिला चपात्यांचा डबा दिला आणि "दोन घास खा गं बाय" म्हणून देवळामागं पाठवलं. अर्ध्या तासाने ती रिकामा डबा घेऊन परत आली. सहाच्या सहा चपात्या संपल्या होत्या. आईने तिला तिथंच छातीशी धरलं. दहा दिवसांत तेवढंच एक बरं घडलं होतं.

"दाजी, बोला कायतरी," नाथाजीमामा म्हणाले. "त्याच्या मनात काय असंल ते कबूल करा."

"तुजी गाडी इकनार न्हाई, जया," अनंत म्हणाला. "अंकीला लय शिकवीन."

कावळे हलले नाहीत.

आई पुढे आली. "त्या दिवशी तुला टाकून बोलले. चुकलं रं माजं."

एका कावळ्याने तर डोळेच मिटले. आई मटकन खाली बसली. पोराने आपल्याला माफ केलं नाही, हे तिने मनाशी धरूनच टाकलं.

"जीव अडकलाय," मामा हळूच म्हणाले. "कावळा शिवल्याबिगर जायाचा न्हाई त्यो. हितंच घुटमळतोय."

कालपासून घरी भेटायला आलेला प्रत्येक जण हेच सांगून गेला होता.

"हितंच?" अंकिताने विचारलं.

"व्हय, बाळ."

ती डबा मांडीवर घेऊन पिंपळाकडं बघत बसली.

ऊन चढलं. गुरुजींना अजून दोन दहावे उरकायचे होते. शेवटी त्यांनी पिशवीतून दर्भ काढला आणि वळून त्याचा कावळा केला. "खरा येत नसेल तर हा चालतो. हा शिवला की सुटला तुमचा मुलगा."

अनंताने नुसती मान हलवली. नाही म्हणायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

अंकिता ताडकन उठली. रिकामा डबा पोटाशी धरून गुरुजींपाशी गेली. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले होते.

"गुरुजी, ह्याला काय घालू? सगळ्या चपात्या त्या कावळ्यांनीच खाल्ल्या."