रागाचं वाक्य

"पुन्हा," हीदर म्हणाली. "आणि या वेळी खरंच रागाने."

तुआइनेने मायक्रोफोनपाशी तोंड नेलं. "माझ्या घरातून चालती हो!" म्हणाली आणि फिस्सकन हसली.

"मावशी, असं हसत हाकललंत तर पाहुणी मुक्कामालाच राहील."

"काय करू पोरी? मला रागवताच येत नाही. माझ्या नवऱ्याला, तेरेला विचार. लग्न होऊन नातवंडं झाली, बिचारा अजून वाट बघतोय."

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिची थोरली बहीण मेतुआ तिवाएवाए शिवत बसली होती. मोठ्या लाल फुलांची ती चादर मांडीवरून पार जमिनीपर्यंत लोळत होती. मेतुआने मान वर केली नाही, की तोंडातून ब्र काढला नाही. तुआइनेनेही कोपऱ्याकडे बघितलं नाही.

शरीराचे स्नायू एकेक करून साथ सोडत जातात, त्या आजाराच्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मांगेरेत ही संस्था होती. तिथे हीदर आवाज भरून घेई. शेकडो वाक्यं बोलायची, त्यावरून यंत्र आवाज शिकतं. पुढे नुसतं बोटाने लिहिलं की यंत्र त्याच आवाजात बोलतं. काम नाताळच्या आत संपायला हवं होतं, नंतर उपयोग नव्हता. अर्धवट राहिलं असतं, तर आजारी बाईला उरलेलं आयुष्य टीव्हीवरच्या बातम्या देणारीच्या आवाजात काढावं लागलं असतं.

"आणि त्या बाईचं घरात ऐकणार कोण?" तुआइने म्हणायची. "नातवाला, पोकोला 'चपला बाहेर काढ' म्हटलं, तर कार्टं चॅनेल बदलेल!"

म्हणून संस्थेच्या वाक्यांत तिने आपलीही घुसडली होती. नातवंडांना मारायच्या हाका, जेवणाआधीची प्रार्थना, "तेरे, घोरणं बंद कर." एकदा तर "हीदर, पोरी, तू देवासारखी भेटलीस गं," असं मध्येच बोलून गेली. हीदरचा हुंदका आवाजात शिरला आणि ते वाक्य तीनदा भरावं लागलं.

"रडू नकोस बाई," तुआइने म्हणाली. "मशीन रडकं व्हायचं."

चहाच्या वेळी मेतुआ उठायची. डोनट चहात बुडवून मऊ करायची, बशी बहिणीपुढे सरकवायची आणि परत कोपऱ्यात जाऊन सुई हातात घ्यायची. या बहिणी आल्या की संस्थेतल्या सगळ्यांनाच बरं वाटे.

"किती सुंदर शिवता हो," हीदर एकदा मेतुआला म्हणाली. "कुणासाठी आहे?"

मेतुआ टाके घालत राहिली. उत्तर तुआइनेनेच दिलं. "आमच्या आईचा हात आहे तिला. आईने शिवलेला तिवाएवाए आम्ही आईबरोबरच पुरला." मग कपात बघत म्हणाली, "म्हणजे, मी पुरला."

मेतुआची सुई थांबली. जराशाने परत चालू लागली.

दोघींना घरून आणायला-पोचवायला संस्थेची गाडी होती. तिचा ड्रायव्हर आपी नवा होता आणि बोलका होता. मेतुआचा आवाज त्याने एकदाही ऐकला नव्हता. बहिणीचा आवाज बहिणीला चांगला जुळतो, असं त्याने संस्थेतच कुठेतरी ऐकलं होतं. दोन्ही गोष्टी जोडून तो भारावून गेला होता.

"मावशी," आरशातून मेतुआकडे बघत तो एकदा म्हणाला, "नशीब लागतं हो अशी बहीण मिळायला! घसा फोडून बोलते बिचारी. नाहीतर माझी बहीण, मला साधा फोन करत नाही."

मेतुआने खिडकीबाहेर बघत मान डोलावली.

"ऐक गं, ऐक जरा!" तुआइने एवढी हसली की तिला ठसका लागला. थांबेचना. मेतुआने पाण्याची बाटली तिच्या ओठांना लावली आणि घर येईपर्यंत पाठीवरचा हात काढला नाही. आपीचे डोळे भरून आले.

शेवटच्या दिवशी रागाची वाक्यं तेवढी उरली होती. खोलीत सगळे जमले होते. कुणीतरी तुआइनेच्या डोक्यावर एई, फुलांचा मुकुट, घातला होता. आपीही किल्ल्या घेऊन दारात उभा होता.

"माझ्या घरातून चालती..." जीभ अडखळली. तुआइने परत हसली, पण या वेळी हसूही नीट जमलं नाही.

"राहू द्या मावशी," हीदर हळूच म्हणाली. "बाकीचं सगळं झालंय. एवढं पुरेल."

"मग माझं एक भरून घे. तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत. तुम्ही नसतात तर आमच्या घरात नुसती शांतता झाली असती." हे मात्र तिने सावकाश, एकेक शब्द जपून, एका दमात म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. मेतुआ उठली. तिवाएवाए खुर्चीवर ठेवून ती सरळ मायक्रोफोनपाशी आली आणि तो तिने बहिणीच्या तोंडासमोर परत ओढला.

"रागवता येत नाही म्हणे!" मेतुआ म्हणाली. आपीच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. "आईचा तिवाएवाए मला न विचारता पुरलास आणि जाब विचारला तर मलाच दाराबाहेर काढलंस, तेव्हा बरं जमलं होतं! नऊ वर्षं अबोला धरला मी, तुझ्यासमोर तोंडच उघडलं नाही, माझंच चुकलं. चल, त्या दिवशी म्हणालीस तस्सं म्हण. तुझा आवाज गेल्यावर मी काय भिंतीशी भांडू?"