मालकाचं नाव

मामांच्या कारखान्यातलं भरतकामाचं मशीन जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय हलत नाही. हार्डडिस्क उडाली, तशी त्यांनी शोधून त्या सिस्टीमची सीलबंद, ओरिजिनल सीडी विकत आणली, मला बोलावलं. आई म्हणाली, "जाऊ नकोस." मी गेलो. दुसरं कोण काम देतंय? मागच्या वेळी त्यांनी माझ्याकडून चोरीची कॉपी टाकून घेतली होती. स्क्रीनवर मालकाचं नाव विचारलं, तेव्हा मामा लाडाने म्हणाले, "तुझंच टाक रे, तू काय परका आहेस?" पुढे धाड पडली. साहेबांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. खटला माझ्यावर चालला, नोकरी गेली, आईचं माहेर तुटलं. आज सील मामांनीच फोडलं. तोच चौकोन आला: मालकाचं नाव? बोटं सवयीने माझ्याच नावाकडे वळली. मामांनी मनगट धरलं. "थांब, हे विकतचं आहे. माझं टाक."