मुक्या तिअर्नीचा नातू

दाढी काही केल्या चिकटेना. पावसाच्या भुरभुरीने डिंक पातळ झाला होता, आणि फिंटन तिअर्नीला एक शिवी हासडून मोकळं व्हायचीही सोय नव्हती. आयर्लंडमधल्या क्लूनबेग गावात संत पॅट्रिकच्या सणाला त्याचा झगा एकदा अंगावर चढला की मिरवणूक संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, अशी रीत. बोललास की झगा उतरव.

ही रीत पडली फिंटनच्या आजोबांमुळे. मुका तिअर्नी म्हणून ते सात गावांत प्रसिद्ध. इंग्रज देश सोडून जाईपर्यंत बोलणार नाही, असं व्रत त्यांनी ऐन तरुणपणी धरलं होतं. पुढे इंग्रज गेले, पण उत्तरेकडचे सहा परगणे राहिलेच त्यांच्याकडे. मग व्रतही राहिलं. डब्लिनच्या पुढाऱ्यांनी घरी येऊन हात जोडले, मुका बोलला नाही. बैलाने शिंगावर घेऊन कुंपणापलीकडे भिरकावला, तिथेही बोलला नाही. गाव त्याला बघून टोप्या काढायचं. पॅट्रिक होण्याचा मान त्याच्या घराकडे गेला तो कायमचा. गेल्या हिवाळ्यात फिंटनचे वडील वारले, आणि साठीला टेकलेल्या फिंटनची पाळी अखेर आज आली. महिनाभर तो आरशासमोर गप्प उभं राहायचा सराव करत होता.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर त्याच्या शेजारी डेलिया आत्या बसली होती. मांडीवर घोंगडी, छातीवर सणाच्या तिपानी गवताची जुडी. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने माइकवर 'देव भलं करो' म्हटल्याखेरीज मिरवणूक हलत नाही, आणि यंदा सर्वांत म्हातारी तीच होती.

आधी समितीचा अध्यक्ष मॅलकी गिलहूली बोलला. मॅलकी फिंटनहून दोनेक वर्षांनी लहान. हा झगा आपल्या घरात का नाही, हे दुःख गिलहूलींकडे पिढीजात. तरी रिवाजाचं भाषण त्याला करावंच लागलं.

"मुक्या तिअर्नीचं हे रक्त," तो दातओठ खात म्हणाला. "यात समुद्रापलीकडचा एक थेंब सापडणार नाही. आणि ज्याच्यात सापडेल त्याने हा झगा घालायचा नाही, हा आपला नियम."

मग त्याने माइक आत्याच्या हातात दिला.

"पुरे रे मॅलकी," आत्या म्हणाली. "दर वर्षी तेच ते ऐकून कान किटले. कसलं व्रत नि कसलं काय. बाबा घरात चांगले बडबडायचे. तोंड उघडलं की यॉर्कशायरची अस्सल इंग्रजी बोली बाहेर पडायची, म्हणून दाराबाहेर गप्प."

कर्णे चर्चपासून पुलापर्यंत बांधलेले होते. ढोलवाल्यांच्या काठ्या हवेतच राहिल्या.

फिंटनने तोंड उघडलं आणि झटकन मिटलं. लहानपणी आजोबांच्या खोलीतून पुरुषी आवाज यायचा. विचारलं की आजी म्हणायची, रेडिओ आहे. घरात रेडिओ कधी होता, हे त्याला आता काही केल्या आठवेना.

"इंग्रजांच्या छावणीतला शिपाई होता," आत्या निवांत सांगत होती. "बंदूक टाकून पळाला आणि आमच्या गोठ्यात लपला. लोकांनी नाव विचारलं, तर हा भीतीने बोलेना. पोराने व्रत घेतलंय, हे गावानेच ठरवलं. मग अशा देशभक्ताला सोडतंय कोण? आमचंच आडनाव लावून घरजावई करून घेतला."

मॅलकीच्या तोंडावर असं तेज चढलं की जणू त्यालाच संतपद मिळालं. "ऐकलंत ना मंडळी? इंग्रज. तिअर्नी, उतरव झगा."

"अरे मॅलकी," पाद्रीबुवा मध्ये पडले, "पॅट्रिक तरी कुठला इथला? तोही पलीकडचाच."

"त्याला चाच्यांनी पळवून आणला होता, फादर. याचा आजा आपल्या पायांनी पळत आला. फरक आहे."

फिंटन संताची काठी धरून उभा होता. बोलावं तर झगा जाणार, न बोलावं तरी जाणार. बापाने आयुष्यभर जपलेला मान डोळ्यांदेखत चालला होता आणि त्याला साधं 'थांबा' म्हणता येत नव्हतं. दाढीची एक बाजू सुटून गळ्यावर लोंबू लागली.

मॅलकी ट्रॉलीवर चढला. त्याने फिंटनच्या डोक्यावरची उंच टोपी काढून काखेत मारली आणि झग्याच्या गळ्याचं बटण सोडलं. "बोल की आता. नाहीतरी घरात बोलायची पद्धत आहेच तुमच्यात. सगळ्या गावाला फसवलं त्या लबाडाने. घराबाहेर एका तरी माणसापाशी तोंड उघडलं का कधी?"

"उघडलं ना," आत्या म्हणाली. माइक अजून तिच्याच हातात होता. "एकदाच. कापणीच्या दिवसांत, तुमच्या गवताच्या गंजीमागे. तुझ्या आजीपाशी. आईने तेव्हा घरात जी भांडी आपटली, ती मला अजून ऐकू येतात. पुढच्या उन्हाळ्यात तुझा बाप जन्मला. तुझे आजोबा बिचारे तीन वर्षं बॉस्टनला होते. परत आले, पाळणा बघितला, आणि पुढे तेही फारसं बोलले नाहीत."

सगळं गाव मॅलकीकडे बघू लागलं.

मॅलकीने काखेतली टोपी हातात घेतली. मग त्याने ती झटकली, दोन्ही हातांनी फिंटनच्या डोक्यावर सरळ बसवली, गळ्याचं बटण लावलं, आणि सुटलेली दाढी अंगठ्याने दाबून धरली.

"चल दादा," तो म्हणाला, "लोक खोळंबलेत."