इराप्पाचा आजचा चेहरा

एआयने चित्र घडवणाऱ्या प्रोग्रामचे एकमेकांना जोडलेले चौकोन पडद्यावर एकाएकी लाल झाले, तशी फोटो स्टुडिओवाली यामिनी खुर्चीत पुढे सरकली. सकाळीच तिने प्रोग्रामला जोडलेले सगळे ॲड-ऑन अपडेट केले होते; त्यातलंच काहीतरी बिघडलं होतं.

“ताई, गाडी दहाला सुटते की ओ,” नागव्वा काकुळतीने म्हणाली. तिचा मुलगा इराप्पा सहा वर्षांपूर्वी हरवला, तेव्हा पाच वर्षांचा होता. दूरच्या बालगृहात तसाच एक मुलगा असल्याचं कळलं होतं. ओळखायला तिला जुन्या फोटोवरून त्याचा आजचा चेहरा करून हवा होता.

यामिनीने एकेक ॲड-ऑन काढून पुन्हा बसवलं. चौकोन लालच. रडकुंडीला येऊन तिने वय वाढवणाऱ्या ॲड-ऑनची जुनी आवृत्ती टाकली. पावणेदहाला अकरा वर्षांचा हसरा चेहरा उमटला.

नागव्वाने पडद्यावरच्या दातांना बोट लावलं.

“दुधाचे दात पडून नवे आले की ह्याचे,” म्हणाली, आणि पाच वर्षांच्या इराप्पाचा फोटो त्या चेहऱ्याशेजारी धरला.