बेथलेहेमची बस

नासरेथहून बेथलेहेमला निघालेली बस हडपसर गाडीतळावर थांबली होती. बस म्हणजे चर्चच्या हॉलमधल्या बालवाडीच्या लाल-निळ्या खुर्च्या, दोनदोन करून मागेपुढे लावलेल्या.

सकाळी प्रार्थना झाल्यावर एस्तर टीचरनं मुलांना मरीया आणि योसेफच्या प्रवासाची गोष्ट सांगितली होती. गोष्ट संपली तशी माहेनूरनं विचारलं की पोटात बाळ असताना मरीया एवढ्या लांब कशी गेली, बस नव्हती का. एस्तर उत्तर शोधेपर्यंत मुलांनी खुर्च्या ओढल्यासुद्धा. माहेनूर स्टीलची ताटली घेऊन ड्रायव्हर झाली. कंडक्टर व्हायला सुदर्शन आपणहून उठला, आणि एस्तर हातातलं काम ठेवून बघत राहिली.

सुदर्शन वर्गात बोलत नसे. जूनपासून तो येत होता. काही हवं असलं तर बोट दाखवायचा, नको असलं तर मान हलवायचा. आज मात्र तो जुन्या कॅलेंडरची तिकिटं फाडून देत होता आणि 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून ओरडत होता. खुर्च्या नऊ आणि माणसं अकरा, हे त्यानं प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजून काढलं. दोघांना त्यानं दांड्याला धरून उभं राहायला सांगितलं. दांडा नव्हता, म्हणून तो कुठं आहे तेही हवेत दाखवलं.

तेवढ्यात त्याचे वडील दारात आले.

वैजनाथ रात्रपाळी करून थेट कंपनीतून आला होता. डोळे लाल झालेले, डबा अजून खांद्याला. खेळ बघून तो हसला नाही आणि रागावलाही नाही. शनिवारी मोठ्या इंग्लिश शाळेत सुदर्शनचा इंटरव्ह्यू आहे, सोमवारपासून तो इथं येणार नाही, एवढं सांगायला तो आला होता.

"मी कधीही आलो तरी पोरं खेळतच असतात, मॅडम," तो म्हणाला.

एस्तरला हे वाक्य पाठ झालं होतं. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या कमिटीनंही तिला हेच ऐकवलं होतं, फक्त जरा गोड शब्दांत. समोरच्या गल्लीतल्या नर्सरीत मुलं आतापासून इंग्रजी अक्षरं जोडून काढतात. आपली पटसंख्या घसरतेय. नव्या वर्षापासून वर्कबुकं आणू या. तिनं तिथं बरंच समजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि मग वर्कबुकं कोणती घ्यायची यावर चर्चा सुरू झाली होती.

ती वैजनाथला म्हणाली की सुदर्शन आत्ता मोजत होता, चुकला नाही, बोललाही. वैजनाथनं मुलाला जवळ बोलावलं आणि वन टू ट्वेंटी म्हणायला सांगितलं.

सुदर्शननं तिकिटं पाठीमागे लपवली. तो जमिनीकडे बघत राहिला.

"बोल ना. वन."

एस्तर पटकन गुडघ्यावर बसली. मघाशी मोजलंस तसं मोज, राजा, खुर्च्या किती होत्या, बाबांना सांग, एकदाच सांग. तिचा आवाज नको तेवढा गोड झाला होता आणि तिनं त्याचा दंड धरला होता. सुदर्शननं खालचा ओठ दातांत घेतला. त्याचा दंड ताठ झाल्याचं तिला जाणवलं, तेव्हा तिनं हात सोडला. आपणही तेच केलं, हे कळून तिला स्वतःचाच संताप आला.

"आत्ता बोलत होता हो. तुम्ही यायच्या आधी," ती उठत म्हणाली.

"मी आल्यावर बंद पडतं, तर तिथं साहेबांसमोर काय होईल?" वैजनाथ म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं सांगितलं की त्याचंही असंच झालं होतं. सुपरवायझरच्या जागेसाठी बोलावलं होतं, काम सगळं येत होतं, पण इंग्लिशमध्ये विचारलं आणि तोंडच उघडलं नाही. पोराचं तसं होऊ द्यायचं नव्हतं त्याला.

या माणसावर एस्तरला धड चिडताही येत नव्हतं.

"अंकल, बसायचं तर बसा, नाहीतर बाजूला व्हा," ताटली धरून बसलेली माहेनूर म्हणाली. "मी कधीची थांबलेय."

मुलं हसली. वैजनाथ ओशाळला. दांड्याला धरून उभ्या असलेल्या अयाननं कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून आणली आणि शेवटी लावली. वैजनाथ त्या एवढ्याशा खुर्चीत बसला. त्याचे गुडघे छातीला लागले. डबा त्यानं मांडीवर घेतला.

सुदर्शन जागचा हलला नाही. सगळी बस मागं वळून त्याच्याकडे बघत होती. एस्तर या वेळी दोन पावलं मागं सरली. मग तो हळूहळू बापाजवळ गेला आणि पाठीमागचा हात पुढं घेतला.

"कुठं जायचंय?" त्यानं विचारलं. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता.

वैजनाथ दचकला. मुलाकडे बघत, अगदी मायेनं तो म्हणाला, "मोठ्या शाळेत. एक फुल, एक हाफ."

सुदर्शननं हातातल्या तिकिटांकडे पाहिलं. मग ती पुन्हा नीट मुठीत धरली.

"ही गाडी तिकडं जात नाही," तो म्हणाला. "उतरून घ्या."

वैजनाथ हसू की नको अशा चेहऱ्यानं एस्तरकडे बघायला लागला. ती खिडकीबाहेर बघत होती. माहेनूरनं गाडी बंदच ठेवली होती. कुणी हसत नव्हतं. प्रवासी उतरायची सगळे वाट बघत होते.

वैजनाथ डबा सावरत उठला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. सुदर्शननं डबल बेल दिली.