एका हंगामाची वस्तू

मिनलची बाळंतपणाची रजा सोमवारी संपत होती. दूध काढून ठेवायचा पंप विकत घ्यायचा की भाड्यानं आणायचा, यावर प्रताप नगरातल्या त्या घरात तीन दिवस खल चालला होता. शेवटी सासऱ्यांनी, देवरावांनी, निकाल दिला.

"भाड्यानंच आणा. सोयाबीन काढायले आपण थ्रेशर विकत घेतो का? एका हंगामाचं काम, मंग वर्षभर कोपऱ्यात धूळ खात राहते."

मिनलला पटलं. तिच्या नवऱ्यानं, रोहितनं, लगेच दुकानाचा नंबर लावला. तेवढ्यात थोरली सून प्रणिता स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

"मामाजी, विकतच घ्या."

"काहून वं?"

"पुढच्या हंगामात मले लागन."

सासूबाईंच्या हातातली निवडलेली मेथी खाली सांडली. मिनल बाळासकट उठून जावेला बिलगली. फोनवर दुकानदार विचारतच होता, किती महिन्यांसाठी पाहिजे म्हणून. देवरावांनी रोहितच्या हातातून फोन ओढून घेतला.

"भाऊ, भाड्याचं राहू द्या. दोन बांधून ठेवा, मी आलोच."