पेन्सिलीची फुली

वायरमनने स्टुलावर चढून ड्रिल भिंतीला लावलं आणि विचारलं, “काका, नक्की ना? एकदा भोक पडलं की पडलं.”

हॉलच्या भिंतीवर, टीव्हीच्या बरोबर वर, पेन्सिलीची फुली होती. मापकाकांनी ती सकाळीच टेप लावून मारून ठेवली होती. वजनमापे खात्यात तेहेतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून ते निवृत्त झाले होते. नाव गल्लीने ठेवलेलं होतं आणि त्यांना ते आवडत होतं.

इंटरनेट कुणाचं घ्यायचं हे ठरवायला त्यांना पंधरा दिवस लागले. जाहिरातीवर भुलणाऱ्यांतले ते नव्हते. ‘तीनशेपर्यंत वेग’ यातलं ‘पर्यंत’ त्यांना किलोत कमी भरलेल्या पन्नास ग्रॅमसारखं खटकायचं. म्हणून ते शेजारपाजारच्या नऊ घरांत गेले, प्रत्येक ठिकाणी वायफायच्या पेटीला फोन टेकवून सकाळ-संध्याकाळ वेग मोजला आणि तक्ता केला. शंभर सांगून त्र्याण्णव देणारी कंपनी बाद झाली. तीनशे सांगून दोनशे अठ्ठ्याण्णव देणारी पास झाली. दोनचा फरक त्यांनी उदारपणे सोडून दिला. “हे घर घेताना एवढी घरं बघितली नव्हती,” असं बायको म्हणाली, ते त्यांनी कौतुकाच्या खात्यात जमा केलं.

तक्त्यात नऊ घरं होती. स्वतःचं नव्हतं.

सून मागच्या खोलीच्या दारात उभी होती. ती त्याच खोलीत लॅपटॉपसमोर बसून काम करायची. ऐकू न येणारा पेशंट दवाखान्यात डॉक्टरसमोर बसला, की डॉक्टरचं बोलणं ती पडद्यावरून हातांच्या खुणांनी त्याला सांगायची आणि त्याच्या खुणा डॉक्टरला बोलून दाखवायची. गेल्या महिन्यात तिचं चित्र अकरा वेळा अडकलं होतं. उद्या सकाळी दहाला काम देणारी एजन्सी तिचं कनेक्शन तपासणार होती. अडकलं, तर काम दुसरीला.

पेटी आत बसवू या, असं ती सकाळी म्हणाली होती, जेवताना पुन्हा म्हणाली होती. आत कशाला, तीनशे आहे, सगळ्या घराला पुरून उरेल, असं काका म्हणाले. हॉलमध्ये टीव्ही आहे, चार माणसांना दिसते तरी, असं सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याला ऑफिसात फोन केला, तर तो म्हणाला, बाबा म्हणतात तसं करू. लग्नापासून तो हेच म्हणत आला होता. त्यात निदान सातत्य होतं.

“बाबा, एकदा माझ्या खोलीत मोजता का?” ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. भांडायलाही थोडी ताकद लागते.

“मोजायचं काय त्यात? पेटी एक, वेग एक.”

वायरमनचं हे दिवसातलं सहावं घर होतं. दुसऱ्याच्या घरच्या बोलण्यात पडायचं नाही, हा त्याचा धंद्याचा नियम. पण ड्रिल धरून त्याचा हात अवघडला होता.

“काका, तीनशे पेटीपाशी मिळतात. आतल्या खोलीपर्यंत मधे दोन भिंती आहेत आणि एक लोखंडी कपाट.”

“जुनं कनेक्शन चाळीसचं होतं. हे तीनशेचं आहे.”

“भिंती त्याच आहेत.”

काकांनी खिशातून तक्त्याचा कागद काढला. सून आत गेली.

मिनिटभराने काकांचा फोन वाजला. आतूनच, तिचा व्हिडिओ कॉल. त्यांनी वैतागून तो घेतला. पडद्यावर सून खुर्चीत ताठ बसली होती. तिने हात वर उचलले आणि बोटं हलवायला लागली. लग्न होऊन ती घरात आली त्याला तीन वर्षं झाली होती. तिला काम करताना काका आज पहिल्यांदा बघत होते. दोन खुणा झाल्या आणि चित्र थांबलं. एक हात छातीजवळ, दुसरा हवेत उघडा.

काकांनी वाट पाहिली. फोन हलवला. मग नऊ घरांत केलं होतं तेच केलं, टीव्हीशेजारच्या, अजून चालू असलेल्या जुन्या पेटीला फोन टेकवला. हात जागचे हलले नाहीत.

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सून बाहेर येऊन स्टुलापाशी उभी राहिली. फोनमध्ये ती अजून खुर्चीतच होती, हात वर करून.

काकांनी एकदा फोनकडे बघितलं, एकदा तिच्याकडे.

“काय म्हणत होतीस?”

“कुठं दुखतंय, एवढंच विचारलं,” ती म्हणाली. “तीनदा.”

वायरमनने ड्रिल खाली घेतलं आणि तो स्टुलावरून उतरला. काकांनी फोन टीव्हीसमोर उभा करून ठेवला, गुडघ्यावर हात रोवून ते स्वतः स्टुलावर चढले आणि अंगठा ओला करून फुली पुसायला लागले. ती जाईना. नुसतीच पसरत गेली. खाली फोनमध्ये दोन हात तसेच थांबलेले होते.